अडीच महिने घर बंद राहणार आहे : पैसा कॅमेऱ्यांवर घालावा की दारावर?

प्रश्न : जुळेसोलापूरकर

सर्वांना नमस्कार.

जुळे सोलापुरात आमचे तळमजला आणि वर एक मजला असे स्वतंत्र घर आहे. मुलीचे बाळंतपण पुण्याला होणार असल्यामुळे जानेवारीतली गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा आटोपली की मी आणि सौ. असे दोघेही तिकडे जाणार आहोत आणि पाडवा झाल्यावरच परत येणार आहोत. म्हणजे सुमारे अडीच महिने घराला कुलूप राहील. मध्ये एक-दोनदा मी येऊन जाईन. पण तेवढ्याने काही भागत नाही, याची मला जाणीव आहे.

घराची स्थिती सांगतो. मागे मोकळा प्लॉट असून त्यात वेडी बाभूळ माजली आहे. डावीकडचे घर वर्षभर बंदच असते, कारण मालक बंगळुरूला असतात. उजवीकडे एक निवृत्त शिक्षक दांपत्य राहते आणि त्यांच्याशी आमचे संबंध घरच्यासारखे आहेत. गच्चीवर जाणारा जिना बाहेरून आहे. पुढचे दार फ्लश डोअरचे, चौकट सागवानी आणि बाहेर जाळीचा सेफ्टी दरवाजा. हॉलच्या एका खिडकीत उन्हाळ्यात कूलर बसवतो. त्यासाठी ग्रीलचा खालचा भाग पूर्वीच कापून घेतलेला आहे.

काळजीचे कारण असे की, मागच्या गल्लीतील एक कुटुंब लग्नासाठी चार दिवस लातूरला गेले असताना त्यांचे घर फोडले गेले. दुसऱ्या दिवशी मी पाहायला गेलो, तेव्हा कुलूप जसेच्या तसे बंद होते आणि कोयंडा स्क्रूसकट उपटून खाली पडलेला होता. ते पाहून मी त्याच संध्याकाळी नवी पेठेतून दुप्पट वजनाचे कुलूप विकत आणले. घरी आल्यावर सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, तिथे कुलूप कुठे तुटले होते?" तेव्हापासून ते कुलूप टेबलावर पडून आहे आणि मी विचारात पडलो आहे.

मुलाचा आग्रह सीसीटीव्हीचा आहे. एका दुकानदाराने आठ कॅमेऱ्यांचा खर्च ४२,००० रुपये सांगितला. माझी तयारी सगळे मिळून ३०,००० रुपयांपर्यंत आहे. सौ.चे आणि आईचे मिळून ११ तोळे सोने घरात आहे. बँकेत लॉकरसाठी तोंडी विचारणा केली असता "सध्या रिकामा नाही" एवढेच उत्तर मिळाले. अशा परिस्थितीत आधी काय करावे आणि कशावर खर्च करू नये, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : लोखंडकाम

नमस्कार काका. अक्कलकोट रस्त्याला माझा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे आणि घरफोडी झाल्यानंतर दार दुरुस्त करण्यासाठी लोक मला बोलावतात, त्यामुळे फोडलेली दारे मी बरीच पाहिली आहेत. आपल्या घरच्यांनी जे एका वाक्यात सांगितले, तेच या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. बंद घराचे कुलूप तोडण्याच्या भानगडीत चोर सहसा पडत नाही. तो कोयंडा आणि फळी यांच्यामध्ये कटावणी घालतो आणि आपले सगळे वजन तिच्यावर टाकतो. कोयंडा पाऊण इंची स्क्रूंनी फ्लश डोअरला बसवलेला असतो, आणि त्या दाराच्या आतले लाकूड फार मजबूत नसते. स्क्रूला धरायला काही नसल्यामुळे अख्खा कोयंडा हातात येतो. कुलूप पाचशेचे असो की पाच हजारांचे, त्याने यात काहीही फरक पडत नाही.

म्हणून पहिले काम असे करा की, जुना कोयंडा काढून जाड पत्र्याचा नवीन कोयंडा आरपार बोल्टांनी बसवून घ्या. बोल्टचे गोल डोके बाहेरच्या बाजूला यावे, म्हणजे त्याला पाना लागत नाही, आणि आतल्या बाजूला तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर नट आवळावेत. मग ओढणाऱ्याला केवळ स्क्रू नव्हे, तर ती पट्टी अख्ख्या फळीतून ओढून काढावी लागते. चौकटीकडच्या बाजूलाही तेवढेच लक्ष द्या, कारण दार मजबूत झाले की तेच बळ चौकटीवर येते. कडी ज्या खोबणीत जाते, तिथली पट्टी लहान स्क्रूंवर असेल तर ती चौकटीतून पार मागच्या भिंतीत जाणाऱ्या लांब अँकरने बसवा. हे सगळे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि आपल्या अंदाजपत्रकाचा लहानसा भागच त्यात जाईल.

माझे स्वतःचे मत तर असे आहे की, इतक्या दिवसांसाठी बाहेरून लोंबणारे कुलूप लावूच नये. ते कुलूप म्हणजे "घरात कोणी नाही" अशी पाटीच असते. दाराच्या आत बसणारे आणि किल्ली फिरवली की तीन-चार दांडे चौकटीत शिरणारे कुलूप बसवून घेतले, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला घर बंद आहे की माणसे आत झोपली आहेत, हे कळत नाही.

सेफ्टी दरवाजाबद्दल दोन गोष्टी. तो बाहेर उघडतो, त्यामुळे त्याच्या बिजागऱ्या बाहेर राहतात आणि पिन ठोकून वर काढली की कुलूप लावलेले दार बिजागरीच्या बाजूने उघडते. पिनांना वरून वेल्डिंगचा एकेक टिपका मारून घ्या. दुसरे म्हणजे, जाळीच्या नक्षीतून हात घालून आतली कडी काढता येते का, हे स्वतः हात घालून पाहा; येत असेल तर कडीभोवती एक फूट पत्रा लावून घ्या. पुष्कळ घरांत नक्षी सुंदर असते आणि कडी नेमकी तिच्या मागे असते.

आता आपल्या घरातली खरी कमकुवत जागा, म्हणजे कूलरची खिडकी. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही सोय कोणी टाळू शकत नाही, हे मान्य आहे; पण कूलर बाजूला सरकवला की दोन फूट बाय दोन फुटांची वाट तयार होते, आणि कूलरचा स्टँड चोराला पायरी म्हणून आयताच मिळतो. आपण पाडव्याला परतणार असाल तर जाण्यापूर्वी कूलर आत घ्या आणि कापलेल्या भागाला १२ मिलिमीटरच्या चौरस सळईचे झाकण करून ते आतून बोल्टने बसवा. उन्हाळ्यात कूलर लागला की हेच झाकण काढून त्याच्या बाहेरून पिंजरा बसवता येतो.

बाकी, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या वर उचलून रुळातून बाहेर काढता येतात, म्हणून वरच्या रुळात एकेक स्क्रू असा मारा की तावदान उचलले जाणार नाही. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीचे दार पत्र्याचे असेल तर त्याला आतून अडसर घाला. जिना बाहेरून असल्यामुळे चोर तिथपर्यंत आरामात पोहोचतो आणि तिथे त्याला खालून कोणी पाहत नाही. पुढच्या दारावर वीस हजार खर्च करून गच्चीचे दार एका खिळ्यावर ठेवलेली घरे मी पाहिली आहेत.

जुळेसोलापूरकर

मनापासून आभार. आपले वाचून मी आताच सेफ्टी दरवाजात हात घालून पाहिला. कडी पहिल्याच प्रयत्नात निघाली. हे दार आम्ही बारा वर्षे "सेफ्टी" म्हणून मिरवत होतो!

उत्तर २ : साखरपेठेतली सून

काका, वरच्या उत्तरात दाराचे सगळे आले आहे. मी दाराच्या पलीकडचे लिहिते, कारण आमच्या घरी चोरी झाली तेव्हा दार फोडावेच लागले नव्हते.

मे महिन्याची रात्र होती, वीज गेलेली होती आणि आम्ही सगळे गच्चीवर झोपायला गेलो होतो. खालचे दार नुसते ओढून घेतले होते. "आपण तर इथेच वर आहोत," हे त्यामागचे गृहीत. पहाटे खाली आलो, तेव्हा कपाट उघडे होते आणि सहा तोळे सोने गेलेले होते. विशेष म्हणजे समोरच्या आणि बाजूच्या दोन्ही घरांच्या दारांना बाहेरून कड्या लावून ठेवलेल्या होत्या, म्हणजे आरडाओरडा झाला असता तरी कोणालाही बाहेर येता आले नसते. ही पद्धत नवीन नाही, वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण नेहमी वाचतो; तरीही दाराची बाहेरची कडी आपण तशीच ठेवतो. आमच्या बोळातल्या चार घरांनी आता ती काढून टाकली आहे. आपल्या शेजारच्या शिक्षक दांपत्यालाही हे जरूर सांगावे, कारण आपल्या घरावर लक्ष ठेवणारा माणूस स्वतःच कोंडला गेला तर उपयोग काय?

त्यानंतरच्या आमच्या चुका लिहिते. पहिली चूक अशी की, पोलीस येण्यापूर्वी सासूबाईंनी विस्कटलेले कपाट आवरून ठेवले. घर नीट दिसावे ही त्यांची सवय; पण त्यामुळे ठसेतज्ज्ञांना घेण्यासारखे फारसे काही उरले नाही. असे घडल्यास सरळ ११२ क्रमांकावर कळवावे, पंचनामा होईपर्यंत कोणत्याही वस्तूला हात लावू नये आणि घरातल्या सगळ्यांनी अंगणात बसावे. दुसरी चूक कागदांची. काय गेले, असे विचारल्यावर आम्ही "पाटल्या, मोहनमाळ, कानातले" एवढेच सांगू शकलो. वजन कोणालाही नक्की आठवत नव्हते, पावत्या सापडल्या नाहीत आणि फोटो होते ते लग्नातले, ज्यात दागिन्यांपेक्षा शालूच जास्त दिसतो. तिसरी गोष्ट विम्याची. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण जबरदस्तीने प्रवेश झाल्याची खूण नव्हती. तेव्हा मला फार राग आला. पॉलिसी वाचल्यावर कळले की ती अट पहिल्यापासून लिहिलेली होती आणि ती न वाचण्याचा दोष माझाच होता.

म्हणून विम्याविषयी थोडे सविस्तर. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या "भारत गृह रक्षा" नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी देतात, आणि घर-कर्जाबरोबर पुष्कळांनी तीच घेतलेली असते. ती मुळात आग, पूर, भूकंप, वादळ अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरीचा उल्लेख आहे. पण तो अशा एखाद्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या आपत्तीमुळे झालेल्या चोरीपुरता. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि दागिन्यांचे मूल्य त्यात स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. सलग ३० दिवसांहून अधिक काळ घर बंद राहणार असेल तर काय, याचेही कलम पुष्कळ पॉलिसींमध्ये असते. आपण अडीच महिने जाणार आहात, तेव्हा ते कलम आधी वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेतील ज्या कलमांना आपण ३८० आणि ४५७ म्हणत होतो, त्यांच्या जागी आता राहत्या घरातील चोरीसाठी कलम ३०५ आणि घरफोडीच्या शिक्षेसाठी कलम ३३१ आहे. राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चोरीच्या हेतूने घर फोडल्यास ती चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, म्हणजे आपण पुण्यात असताना कळले तर तिथेही देता येईल. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. फिर्यादीवर सही करण्यापूर्वी दागिन्यांचे वर्णन शब्दशः वाचावे. आमच्या फिर्यादीत "सोन्याचे दागिने" एवढेच आले होते, पुरवणी जबाब देऊन ते दुरुस्त करावे लागले.

माल सापडलाच तर तो मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, जप्त केलेल्या मौल्यवान वस्तू पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहू नयेत; फोटो आणि सविस्तर पंचनामा करून, बंधपत्र घेऊन त्या मालकाला परत द्याव्यात. आमचे वकील अर्जात याच निकालाचा आधार घेतात. आणि माल सापडलाच नाही तर "गुन्हा खरा, पण तपास लागला नाही" अशा अर्थाची "अ" समरी, म्हणजे पोलिसांचा तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाकडून मंजूर होते. विम्याच्या दाव्यासाठी तो कागद मागितला जातो, त्यामुळे त्याचाही पाठपुरावा आपणच करावा लागतो.

आता घरी एक वही केली आहे. प्रत्येक दागिना पांढऱ्या कापडावर, शेजारी पट्टी ठेवून, फोटोसह नोंदवला आहे. १ जुलै २०२१ नंतरच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो भिंगाने वाचून उतरवून घेतला आणि बीआयएस केअर ॲपवर तपासून पाहिला. सोने वितळवले की तो क्रमांक जातोच, हे खरे. पण न वितळवता सापडलेला दागिना आपलाच आहे, हे त्यावरून सिद्ध करता येते. वहीची एक प्रत माहेरी ठेवली आहे. ज्या कपाटात दागिने, त्याच कपाटात वही, असे आमच्या ओळखीच्या एका घरात झाले होते आणि चोरांनी दोन्ही नेले.

उत्तर ३ : बिनतारी

कॅमेऱ्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी हेच काम करतो, तरीही आपल्याला आठ कॅमेरे घेऊ नका असेच सांगेन. कॅमेरा चोरी पाहतो, थांबवत नाही. आपल्या घराला पुढचे फाटक, जिना आणि मागची बाजू असे तीन कॅमेरे पुरतात.

त्यांची उंची महत्त्वाची आहे. बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात टोपीचा वरचा भाग उत्तम दिसतो आणि चेहरा दिसत नाही. फाटकाचा कॅमेरा आठ फुटांच्या आसपास, हात सहज पोहोचणार नाही पण चेहरा येईल, असा लावा. तो शेजाऱ्याच्या दारात किंवा न्हाणीघराच्या खिडकीकडे रोखलेला नसावा. यावरून आमच्या गिऱ्हाइकांमध्ये चोरीपेक्षा जास्त भांडणे झाली आहेत. चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवतात आणि चोर जाताना तोच घेऊन जातात, म्हणून तो माळ्यावर किंवा धान्याच्या कोठीमागे, हवा खेळेल अशा बेताने ठेवा. एका कॅमेऱ्याचे तरी चित्रण इंटरनेटवर साठेल असे करा. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की मोबाइलवर काहीच दिसत नाही, आणि चोराला हवा असलेला अंधारही तेव्हाच असतो.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. रात्री दोन वाजता पुण्यात मोबाइल वाजला, तर आपण काय करणार? मध्ये अडीचशे किलोमीटर आहेत. शिवाय मागच्या प्लॉटवरची कुत्री हलली तरी सूचना येते, आणि आठवडाभरात माणूस वैतागून ती बंदच करतो. म्हणून सूचना केवळ फाटक आणि जिन्याच्या कॅमेऱ्यांना, रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच ठेवा आणि ती शेजारच्या सरांच्या मोबाइलवरही जाऊ द्या. ११२ ही सेवा राज्यभर एकत्र चालते, त्यामुळे पुण्याहून फोन केला तरी सोलापूरचा पत्ता सांगून मदत मागता येते. पण घराचा पत्ता जवळच्या ठळक खुणेसह कागदावर लिहून ठेवा, कारण घाबरल्यावर स्वतःच्या घराचाही पत्ता धड सांगता येत नाही. जुळे सोलापूरसाठी विजापूर नाका पोलीस ठाण्याचा क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या, आणि जाण्यापूर्वी तिथे अर्ज देऊन घर किती तारखेपर्यंत बंद आहे, ते कळवा. गस्तीवरच्या अंमलदाराला घर माहीत असलेले बरे.

उत्तर ४ : मोहोळचा शेतकरी

एवढ्या खटाटोपापेक्षा आम्ही रानडुकरांसाठी करतो तसे मागच्या कुंपणाला रात्री करंट सोडावा. एकदा झटका बसला की पुन्हा कोणी फिरकणार नाही.

उत्तर ५ : साखरपेठेतली सून

दादा, कृपया असा सल्ला देऊ नका. घरातल्या विजेचा प्रवाह कुंपणात सोडल्याने शेतांवर माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यात आपण वाचतो. आणि त्या कुंपणाला हात लावणारा चोरच असेल असे नाही; चेंडू आणायला गेलेले मूल असेल, महावितरणचा कर्मचारी असेल किंवा शेळ्या चारणारी बाई असेल. स्वसंरक्षणाचा अधिकार समोर उभ्या असलेल्या धोक्यापुरता असतो. घरात नसताना लावून ठेवलेला सापळा त्यात बसत नाही. कोणी दगावले तर चोराऐवजी घरमालकावरच मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल होईल.

उत्तर ६ : निवृत्त रोखपाल

लॉकरचा मुद्दा मागे राहिला. ११ तोळे सोने घरात ठेवून आपण अडीच महिने जाणार असाल, तर वरचे सगळे उपाय करूनही आपल्याला पुण्यात शांत झोप लागणार नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे सुधारित नियम काढले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे शाखेला रिकाम्या लॉकरची यादी आणि प्रतीक्षायादी ठेवावी लागते, आलेल्या प्रत्येक अर्जाची पोच द्यावी लागते आणि लॉकर उपलब्ध नसेल तर प्रतीक्षायादीतील क्रमांक द्यावा लागतो. "रिकामा नाही" हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि क्रमांक मागा. अनुभव असा आहे की, अर्ज टेबलावर आला की कधीकधी लॉकरही सापडतो. दुसऱ्या शाखेत किंवा नागरी सहकारी बँकेतही विचारणा करावी.

मात्र लॉकर म्हणजे विमा नव्हे. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेला अपहार यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. भाडे २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त २ लाख रुपये, म्हणजे आजच्या भावात आपल्या सोन्याचा एक लहानसा भाग. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसते, म्हणून वर ताईंनी सांगितलेली वही इथेही लागतेच. लॉकर उघडला की त्याच दिवशी एसएमएस आणि ईमेल येणे बंधनकारक आहे. त्यासाठी आपला मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला आहे ना, हे पाहून घ्या.

आता थोडे आगंतुक, पण सांगावेसे वाटते. मी चाळीस वर्षे याच शहरात राहतो, आणि घर बंद आहे हे चोराला कळण्याआधी ते अख्ख्या गल्लीला कळलेले असते. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येते. त्या दिवशी सगळ्या घरांतून मोटारींचा आवाज येत असताना एकाच घराचा नळ कोरडा राहिला, की ते घर रिकामे असल्याचे रस्त्यावरच्या कोणालाही समजते. सडा-रांगोळी नसलेले अंगण, वाळलेली तुळस, फाटकात अडकलेली वर्तमानपत्रे आणि दिवसाढवळ्या जळणारा व्हरांड्यातला दिवा हेही तेच सांगतात. तो दिवा तर फसवण्यासाठी लावलेला असतो आणि नेमका चुगली करतो. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा दिवा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. तुमच्या धुणे-भांडी करणाऱ्या बाईंचे काम या काळात बंद करू नका. पगार चालू ठेवा आणि एक दिवसाआड अंगण झाडणे, सडा घालणे, पाण्याच्या दिवशी बाहेरचा नळ सोडून झाडांना पाणी घालणे एवढे काम द्या. घराची किल्ली देण्याची गरज नाही. कोजागिरीला अर्धी गल्ली तुळजापूरला चालत निघते, तेव्हा आमच्याकडे प्रत्येक बोळात दोन माणसे मुद्दाम मागे थांबतात. ती कोण, हे आधी ठरलेले असते. तुमच्या गल्लीतही असे काही ठरवून घेता आले तर पाहा. आणि नातवंडाचा फोटो स्टेटसला जरूर ठेवा, पण "आम्ही दोघेही पाडव्यापर्यंत पुण्यात" हे त्याखाली लिहू नका.

जुळेसोलापूरकर

सर्वांचा ऋणी आहे. आठ दिवसांत झालेल्या गोष्टी कळवतो. आरपार बोल्टांचा कोयंडा, सेफ्टी दरवाजाचा पत्रा आणि बिजागऱ्यांचे वेल्डिंग झाले. जुना कोयंडा काढताना स्क्रू मोजले. सहापैकी दोन तर नुसतेच भोकात बसलेले होते, बोटाने निघाले. आत बसणारे कुलूप सांगून ठेवले आहे. कॅमेरे तीनच घेणार आहे. बँकेत लेखी अर्ज दिला आणि प्रतीक्षायादीत चौथा क्रमांक मिळाला. दुसऱ्या एका शाखेत मात्र लहान लॉकर रिकामा निघाला आणि सोने कालच तिथे ठेवले. सरांच्या दाराची बाहेरची कडीही काढून झाली, त्यासाठी त्यांना दोनदा समजवावे लागले.

लोखंडकाम यांना एकच प्रश्न. कूलरच्या खिडकीचे झाकण बोल्टने आतून बसवले आणि मी पुण्यात असताना घरात शॉर्टसर्किट किंवा आग असे काही झाले, तर बाहेरून कोणालाच आत जाता येणार नाही. त्याचे काय करावे?

लोखंडकाम

काका, प्रश्न अगदी योग्य आहे. घरात माणूस नसताना बाहेरून वाट ठेवू नये. तेव्हा निघताना घरातल्या बाकी सगळ्या लाइन बंद करा, फक्त कॅमेरे, राउटर आणि बाहेरच्या दिव्याची लाइन वेगळ्या एमसीबीवर (बिघाड झाल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचवर) चालू ठेवा आणि गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा. परत आल्यावर मात्र एका खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारी झडप करून घ्या आणि तिची किल्ली खिडकीपासून हातभर लांब, पण घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या खिळ्याला टांगा. ग्रीलच्या मापासाठी मी रविवारी सकाळी येतो.